छायाचित्राखाली नाव, गाव, साल हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चवदार तळ्याच्या सत्याग्रहावरील लेखासोबत अमेरिकेतल्या, गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यासाठीच्या दोन वेगळ्या नळांचे छायाचित्र आपण छापलेत. निवड चांगली; भांडण दोन्हीकडे पाण्याचेच होते. पण खाली ओळ काय, तर ‘अमेरिकेतील वर्णभेद’. बस्स.

या विषयाची दोन छायाचित्रे प्रसिद्ध आहेत आणि त्यांची गल्लत हमखास होते. कृष्णवर्णीयांसाठीच्या साध्या बेसिनवर माणूस वाकलेला दिसतो, ते एलियट अर्विट यांचे. १९५०, नॉर्थ कॅरोलिना. माणूस नाही, गोऱ्यांसाठी थंड पाण्याचे मोठे यंत्र आणि शेजारी एवढेसे बेसिन, ते डॅनी लायन यांचे. १९६२, जॉर्जियातील ऑल्बनी. ही जागा चक्क न्यायालयाची इमारत. मधल्या बारा वर्षांत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीचा बस-बहिष्कार झाला, उपाहारगृहांतील बैठे सत्याग्रह झाले, तरी कोर्टात नळ वेगळेच! साल गाळले की हे सारे हरवते. शिवाय लायन हे विद्यार्थी आंदोलकांच्या ‘स्निक’ या संघटनेचे छायाचित्रकार. म्हणजे हा फोटो त्रयस्थाने नव्हे, चळवळीतल्या माणसाने काढलेला, हेही वाचकाला कळायला हवे.

कात्री हा दुसरा रोग. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये, वर्णभेदविरोधी मोर्चाच्या वेळी, ३ मे १९६३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बिल हडसन यांनी टिपलेला, पोलिसी कुत्रा अंगावर आलेला मुलगा सर्वांना ठाऊक आहे. जागेअभावी फोटोचा कमरेवरचाच भाग ठेवला, की कुत्र्याला अडवायला मुलाने उचललेला गुडघा जातो. आणखी आत कापला, की पोलिसाचे मनगट पकडलेला हातही जातो. उरतो निमूटपणे मार खाणारा मुलगा. तो मुळात मोर्चात नव्हता, बघ्यांत होता. मथळ्यात त्याला ‘सत्याग्रही’ म्हणणेही चूकच.

मथळा तर फोटोचा अर्थच उलटा करू शकतो. त्याच आठवड्यात तिथेच छायाचित्रकार चार्ल्स मूर यांनी, माणसाची पँट फाडणाऱ्या कुत्र्यांची मालिका काढली. ‘लाइफ’ साप्ताहिकाने ती १७ मेच्या अंकात छापली. तीच उचलून चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी चित्रे केली, आणि नाव पडले ‘रेस रायट’, वांशिक दंगल. दंगल कसली? नि:शस्त्र लोकांवर पोलिसांनी कुत्री सोडली होती. (‘जमाव’ आणि ‘मोर्चा’ यांतला फरक आपल्याकडचे उपसंपादकही सोयीने विसरतात.) मूर यांनी वॉरहॉल यांच्यावर दावा लावला, तो कोर्टाबाहेर मिटला. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

पूर्वी वृत्तसंस्थेचा फोटो तारेने यायचा तेव्हा मजकुराची पट्टी फोटोलाच डकवलेली असे. आता ती माहिती फाइलच्या पोटात असते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवली की गळून जाते. तेव्हा फाइल थेट वृत्तसंस्थेकडून वा संग्रहालयाकडून घ्यावी, पानावर लावण्याआधी तिच्यातली नाव-स्थळ-तारीख उतरवून घ्यावी. जागा कमी असेल तर अख्खा फोटो लहान करून लावावा, कापू नये. कापलाच तर खाली ‘छायाचित्राचा भाग’ असे लिहावे. नळांचे ते छायाचित्र लायन यांचे की अर्विट यांचे, याचा खुलासाही पुढच्या अंकात व्हावा.

– एक वाचक, पुणे