रोड बाइक घेताना दाते मोजून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की ठाणे, वाशी, बेलापूरच्या सायकल दुकानांत रोड बाइकची चौकशी वाढते. फ्रेम कार्बनची की ॲल्युमिनियमची, वजन किती, ब्रेक डिस्कचे आहेत का, हे सगळे विचारले जाते. पुढच्या चेनरिंगला (पेडलजवळच्या दातेरी चक्राला) आणि मागच्या कॅसेटला (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाला) किती दाते आहेत, हे फार थोडे जण विचारतात. येऊरच्या चढावर गुडघ्यांवर किती ताण येणार, ते मुख्यतः या दात्यांवर ठरते. म्हणून हे पत्र.

आपल्या भागात एकाच सायकलला दोन टोकांचे रस्ते मिळतात. पाम बीच रस्ता जवळजवळ सपाट, वारा तेवढा त्रास देणारा. दुसरीकडे उपवनावरून येऊर, खारघरची टेकडी, बेलापूरची पारसिक टेकडी, आणि हौस वाढली की खोपोलीहून शिंग्रोबाकडे चढणारा बोरघाट. गिअर निवडायचे ते या चढांकडे बघून. सपाट रस्त्यावर गिअर थोडा चुकला तरी निभावते, चढावर हलका गिअर संपला की उतरून चालण्याशिवाय उपाय राहत नाही.

हिशेब सोपा आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. ७०० बाय २५ टायरचा परीघ साधारण २.१ मीटर. पुढे ३४ आणि मागे ३४ असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल २.१ मीटर पुढे जाते. त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी, म्हणजे केडन्सने, गुणले की मिनिटाचा वेग मिळतो.

आता ७० किलोचा माणूस, १० किलोची सायकल आणि बाटल्या, आणि १०० मीटरला ८ मीटर उंची घेणारा चढ धरा. सराव असलेला, पण शर्यतीत न उतरणारा माणूस बराच वेळ १६० वॉट ताकद देऊ शकतो असे मानले, तर या चढावर त्याचा वेग ताशी सुमारे ८ किलोमीटर राहतो. हा वेग गिअरने बदलत नाही, बदलतो तो केडन्स. ३९/२५ वर (पुढे ३९, मागे २५ दाते) मिनिटाला ४१ फेऱ्या, ३६/२८ वर ४९, ३४/२८ वर ५२, ३४/३२ वर ६०, आणि ३४/३४ वर ६३. चढावर ६५ ते ८० फेऱ्या बहुतेकांना सोसतात. तीच ताकद ८० ऐवजी ५० फेऱ्यांत काढायची तर प्रत्येक फेरीत पेडलवर १.६ पट जोर द्यावा लागतो, आणि तो मांड्या व गुडघ्यांनाच द्यावा लागतो. स्वाराचे वजन ८५ किलो असेल तर तेवढ्याच ताकदीवर वेग ७ च्या खाली येतो आणि ३४/३४ सुद्धा ५४ फेऱ्यांवर उतरतो. तेव्हा ३४/३४ हा म्हाताऱ्यांचा गिअर आहे असे कोणी म्हणाले तर त्याला हे आकडे दाखवावेत.

“मोठी कॅसेट घेतली तर गिअरमधल्या उड्या मोठ्या होतात, सपाटीवर लय तुटते,” असे दुकानात हमखास ऐकवतात. शिमानोच्या ११ स्पीड १०५ मालिकेतल्या दोन कॅसेट शेजारी ठेवून पाहा. ११-२८ मध्ये ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८ असे दाते आहेत. ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. म्हणजे १५ पासून २५ पर्यंत दोन्ही अगदी सारख्या. ५० च्या चेनरिंगवर ९० फेऱ्यांना २१ चा दाता, म्हणजे मागचे २१ दात्यांचे चक्र, ताशी २७ किलोमीटर देतो, १९ चा ३०, १७ चा ३३ आणि १५ चा ३८. पाम बीचवर एकट्याने जाणारा माणूस याच चार दात्यांवर असतो. ११-३४ घेतल्याने गेले ते फक्त १२ आणि १४, आणि त्यांची गरज ३८ च्या वर लागते. ५०/११ तर ९० फेऱ्यांना ताशी ५२ चा गिअर आहे.

जे गटाने सतत ३५ च्या वर पळवतात त्यांची गोष्ट वेगळी. १५ वरून १७ वर गेले की त्याच वेगाला ९० च्या जागी १०२ फेऱ्या होतात आणि ती उडी जाणवते. त्यांनी १२-२५ कॅसेट जरूर लावावी, तिच्यात १५ ते १९ सलग आहेत. घाटासाठी मात्र दुसरी कॅसेट बाळगावी, आणि चेनची लांबी मोठ्या कॅसेटच्या मापाने ठेवावी.

सायकल आधीच घरात असेल तर नुसती कॅसेट बदलून भागेलच असे नाही. आधी रिअर डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, बघा. १०५ च्या आर७००० मध्ये लहान केजचा (केज म्हणजे डिरेलरच्या दोन पुली धरणारा सांगाडा) डिरेलर ३० दात्यांपर्यंतच चालतो, ३४ साठी लांब केजचा लागतो. ५०/३४ सोबत ११-३४ लावले की पुढचा फरक १६, मागचा २३, बेरीज ३९. लांब केजची मर्यादा नेमकी तेवढीच आहे, लहान केजची ३५. चेन जुन्याच लांबीची ठेवली आणि चुकून पुढे-मागे दोन्हीकडे सर्वांत मोठ्या चक्रांवर गिअर पडला, तर चेन ताणून डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला धरणारा तुकडा) मोडतो, कधी डिरेलर स्पोकमध्ये जातो. मोठी चेनरिंग आणि मोठा दाता यांवरून, डिरेलरमधून न ओवता, चेन फिरवून त्यावर दोन कड्या जास्त ठेवाव्यात. नंतर डिरेलरचा बी-स्क्रू फिरवून वरची पुली मोठ्या दात्यापासून ५-६ मिलिमीटर दूर ठेवावी. जवळ राहिली तर खडखडते, फार दूर गेली तर गिअर उशिरा पडतो.

याच ११-३४ कॅसेटमागे, ११ स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर), १.८५ मिलिमीटरची चकती घालावी लागते. ती विसरली की कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळूनही कॅसेट हलत राहते आणि दोष गिअर सेटिंगला दिला जातो.

क्रँक (पेडलचा दांडा) जुना, १३० मिलिमीटर बोल्ट-वर्तुळाचा, म्हणजे चेनरिंगचे बोल्ट त्या व्यासाच्या वर्तुळावर असलेला, असेल तर त्यावर ३४ ची चेनरिंग बसतच नाही, ३८ च्या खाली जाता येत नाही. तिथे क्रँकच बदलावा लागतो. चेनरिंग ५३ वरून ५० केली तर पुढचा डिरेलरही खाली घ्यावा. त्याची बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटर वर असावी.

केडन्स मोजायला यंत्र लागत नाही. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजून चारने गुणावे. आणि चेनरिंग चढ लागण्याआधी बदलावी. भर चढावर, पेडलवर पूर्ण जोर असताना ५० वरून ३४ वर टाकली की चेन आत पडण्याचा धोका वाढतो. टाकतानाच मागे दोन गिअर जड घेतले तर पाय रिकामे फिरत नाहीत.

विक्रेत्यांना विनंती की, किमतीच्या चिठ्ठीवर चेनरिंगचे दोन आकडे, कॅसेटचे दोन आकडे आणि डिरेलर जास्तीत जास्त किती दाते घेतो, एवढे लिहावे. ११-२८ ची सायकल विकताना ११-३४ बदलून देण्याची सोयही ठेवावी. नवी चेन कापण्याआधी हा बदल करून घेतला तर ग्राहकाचा दुसऱ्या चेनचा खर्च वाचतो.

आपला,
एक सायकल मेकॅनिक, ठाणे