तक्रार: २५० फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडीचा इनटेक व्हॉल्व्ह वेळेआधीच गेला, आणि वजनाचा आकडा

प्रति,
ग्राहक सेवा व टेक्निकल विभाग

नमस्कार,

तुमची २५० सीसी फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या रेसची) गाडी मी रेससाठीच घेतली आणि रेससाठीच चालवतोय, त्यामुळे "ही कॉम्पिटिशनची गाडी आहे, हिला वॉरंटी नसते" हे उत्तर कृपया परत पाठवू नका, ते डीलरने देऊन झालंय. ब्रेक-इननंतर (नवं इंजिन सुरुवातीला सांभाळून चालवून बसवल्यावर) टॅपेट चेक केले तेव्हा चारही व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली बारीक फट) बरोबर होतं. पुढच्या चेकिंगला तुमच्या मॅन्युअलमध्ये जेवढे तास दिलेत त्याच्या निम्मेसुद्धा अवर मीटरवर झाले नव्हते आणि गाडी गरम असताना स्टार्ट व्हायची बंद झाली. थंड असताना बटण दाबलं की लगेच सुरू, पण रेसमध्ये पडलो, इंजिन बंद पडलं, की मग सेल्फ फिरतोय फिरतोय आणि काही होत नाही, आणि या गाडीला किक नाहीये, म्हणजे ती रेस तिथेच संपली.

हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागाचं, कव्हर उघडलं. इनटेकला, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हना, क्लिअरन्स ०.१० ते ०.१५ मिमी हवं असं मॅन्युअल सांगतं, उजवीकडचा त्यातच होता, डावीकडच्याला ०.०४ ची पट्टीसुद्धा जाईना. पातळ शिम (ही फट जुळवणारी चकती) टाकून बरोबर केला तर थोड्याच रायडिंगनंतर परत टाइट. टायटॅनियमचा व्हॉल्व्ह एकदा असा वर सरकायला लागला की शिम बदलून काही होत नाही हे तुमच्या इंजिनिअर लोकांना मी सांगायची गरज नाही. वरचं कठीण कोटिंग गेलं की आतला धातू सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना हेडमधल्या ज्या कड्यावर टेकतो त्यावर) आपटून भराभर झिजतो, कडेला खळगी पडते, मग व्हॉल्व्ह बदला आणि सीट नव्याने कापा, दुसरा उपाय नाही.

डीलरचं म्हणणं, एअर फिल्टर नीट साफ केला नसणार, धूळ गेली असणार. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि नुसतं पटलं नाही म्हणून लिहीत नाहीये, कारणं देतो. फिल्टर मी प्रत्येक रायडिंगनंतर धुतो, फिल्टर ऑइल लावतो, कडेला ग्रीस लावून बसवतो. फिल्टरच्या मागचा रबरी बूट आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) डीलरच्याच मेकॅनिकने पांढऱ्या फडक्याने पुसून बघितली, फडकं स्वच्छ निघालं. धूळ आत गेली असती तर सिलिंडरवर ओरखडे दिसले असते, रिंगा गेल्या असत्या. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते बघायची) केली तेव्हा हवा थ्रॉटल बॉडीतून फुसफुसत होती, क्रँककेस ब्रीदरकडे (इंजिनच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीकडे) काहीच आवाज नव्हता, म्हणजे रिंगा चांगल्या आहेत आणि गळती फक्त इनटेक व्हॉल्व्हमधून आहे. आणि दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह एकाच पोर्टमधून श्वास घेतात ना, मग धूळ फक्त डावीकडच्यालाच कशी लागली? माझं मत असं की डावीकडची सीट गाइडशी (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्याशी) एका रेषेत कापलेली नाहीये किंवा त्या व्हॉल्व्हचं कोटिंग कमी पडलंय, दोन्ही गोष्टी फॅक्टरीतल्या. सीट मोजली तर अर्ध्या तासात कळेल, पण हेड मोजायलाच कोणी तयार नाही.

दुसरा विषय वजनाचा. ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात जो आकडा आहे तो पेट्रोल, कूलंट आणि इंजिन ऑइल धरून नाहीये, आणि हे बारीक अक्षरातसुद्धा कुठे लिहिलेलं नाही. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो, टाकी साडेसहा लिटरची, त्यात लिटर-लिटर कूलंट आणि ऑइल धरलं तर सुमारे सात किलो होतात, आणि दोन चाकांखाली दोन काटे ठेवून मी वजन केलं तेव्हा फरक तेवढाच आला. या क्लासमध्ये लोक एक-दोन किलोसाठी बोल्टसुद्धा टायटॅनियमचे टाकतात. १९९७ साली लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये (स्टेडियममधल्या मोटोक्रॉस रेसमध्ये) डग हेन्रीने यामाहाच्या ४०० फोर-स्ट्रोकवर रेस जिंकली तोपर्यंत फोर-स्ट्रोक म्हणजे जड गाडी असंच सगळे धरून चालायचे, तेव्हापासून सगळ्या कंपन्यांची धडपड हे वजन खाली आणायचीच चाललीये, आणि म्हणूनच हा आकडा बघूनच माणूस गाडी ठरवतो. तो चालू स्थितीतला द्या.

गाडी वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये, उलट म्हणूनच एवढं लिहितोय. कोपऱ्यातून निघताना तिसऱ्या गिअरमध्येसुद्धा ओढते, क्लच फार मारावा लागत नाही, आणि वर लिमिटरपर्यंत दम सोडत नाही. सॅग (रायडर बसल्यावर मागचं सस्पेंशन जेवढं दबतं ते) १०३ मिमीला लावल्यावर खड्ड्यांमध्ये मागचं चाक सरळ राहतं, हवेत गाडी जिकडे वळवाल तिकडे वळते, फ्रंट ब्रेकची फीलिंग मी चालवलेल्या सगळ्या गाड्यांपेक्षा चांगली. मागच्या चाकाचे रिम लॉकजवळचे स्पोक सुरुवातीला सारखे ढिले व्हायचे पण ते नव्या गाडीत होतंच, टाइट करत राहिलो, आता ठीक आहेत. त्याची तक्रार नाही. पिस्टन, चेन, क्लच प्लेट हे सगळं झिजणार आणि ते मी माझ्या खर्चाने बदलणार हे घेतानाच माहीत होतं. पण झिजणं वेगळं आणि मुळात चुकीचं कापलेलं असणं वेगळं, आणि चुकीचं कापल्याचं बिल मी का भरायचं?

मला हवंय ते एवढंच. हेड तुमच्या टेक्निकल विभागाने मागवून घ्यावं आणि दोन्ही इनटेक सीट आणि व्हॉल्व्ह मोजून आकडे मला लेखी द्यावेत. ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) जास्त आरपीएमची नोंद असेल तर तीही काढून बघा, माझी काही हरकत नाही. दोष सीटचा किंवा कोटिंगचा निघाला तर हेड, व्हॉल्व्ह, सील आणि लेबर कंपनीने द्यावं, आणि त्याच लॉटची हेड ज्यांच्याकडे गेलीत त्या सगळ्यांना कळवावं, कारण चालू रेसमध्ये व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं आणि इंजिन जंपच्या तोंडावर जॅम झालं तर माणूस वाचेल का याचा विचार करा. दोष माझ्या बाजूने आहे असं मोजमापात दिसलं तर बिल मी भरतो, मात्र ते मोजमाप दाखवा.

लीक-डाउन टेस्टचा व्हिडिओ, क्लिअरन्सचे फोटो, अवर मीटरचा फोटो आणि सर्व्हिस बुक सोबत जोडलंय. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाणार आहे आणि तोपर्यंत इंजिन उघडून आहे तसंच ठेवतोय, तुमच्या माणसाला कधीही येऊन बघता येईल.

आपला,
गाडीचा मालक आणि रायडर