चाचा, तुमची मजुरी राहिलीच

चाचा,

तुम्ही जाऊन चाळीस दिवस झाले, तुमचा चाळिसावा परवा झाला. बोलावणं होतं, आलो, पंगतीत जेवलो, तुमच्या पुतण्याचा हात हातात घेतला आणि निघालो. बोलायचं होतं ते तसंच राहिलं. तुम्ही असताना आभार मानायला गेलं की तुमची कानस काही थांबायची नाही. मान वर न करता "चहा घेणार का?" एवढंच विचारायचात, की विषय संपला. आता तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून सगळ्यांदेखत लिहितो.

चाचा कोण, ते इतरांसाठी थोडक्यात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंतुवाद्यांकडे वळली, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी हात बसवला आणि मिरज तंबोऱ्यांचं गाव झालं. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, १९३७ साली गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांना जागा मिळाली. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. त्या गाण्याला चाचा पाठीमागे, चपलांच्या ढिगाजवळ बसलेले असायचे. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव कधी नव्हतं. दुसऱ्यांच्या पाटीखाली त्यांच्या हातची वाद्यं विकली गेली, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आमची गाठ पडली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. २००५ ला पाणी जिथे थांबलं होतं ती खूण धरून सगळ्या गल्लीनं सामान वर चढवलं आणि या वेळी पाण्यानं ती खूण कधी मागे टाकली ते कळलंही नाही. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी नावेतून बाहेर पडलो आणि मिरजेतल्या एका शाळेत येऊन टेकलो. आईचा तंबोरा घरात खाटेवर राहिला.

शाळेत मदतीला तोटा नव्हता, हे कबूल. पण मदत करणाऱ्यांच्या मागे बऱ्याचदा कॅमेराही यायचा. बिस्किटाचा पुडा हातात द्यायचा, पण फोटो निघेपर्यंत सोडायचा नाही, असला प्रकार आईनं सहन केला. तुम्ही सकाळी उपीट वाढायला असायचात. पांढरी टोपी, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांना चपड्याचा तपकिरी रंग. बाई काय करता, विचारलंत. गाणं शिकवते, आई म्हणाली. तुमचा डाव पातेल्यातच थांबला. "तंबोरा कुठाय?"

तेवढ्या दिवसांत हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या मनातही आला नव्हता. आमच्यासुद्धा नाही.

पाणी उतरल्यावर घरी गेलो तर तंबोरा चिखलात पालथा पडलेला. भोपळ्यावरची लाकडी तबली सुटलेली, दांडी गळ्यातून निखळलेली, भोपळा फुगून मऊ झालेला. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी फ्रिज, टीव्ही, धान्य असं उतरवून घेतलं, "आणि हे भोपळ्याचं काय?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या घरात शिरले. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या दुकानाला फोटो पाठवले. टाकून द्या, नव्याचे दर पाठवतो, असं उत्तर आलं. दर मात्र खरंच लगेच आले. एका नातेवाइकांनी समजूत घातली, हल्ली इलेक्ट्रॉनिक तंबोरा मिळतो, बटण दाबलं की झालं, पुरात बुडायची भीती नाही. आणि वर्षानुवर्षं गुरुपौर्णिमेला त्याच तंबोऱ्याला हार घालून फोटो काढून घेणारे विद्यार्थी? दोघीतिघी येऊन फरशी पुसू लागल्या, त्यांचे उपकार आहेत. बाकीच्यांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली.

तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही वडापनं आलात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उकिडवे बसलात आणि एकेक जोड बोटानं चाचपलात. जुनं काम आहे, सरसावर जोडलेलं, म्हणालात. पाण्यात सरस सुटला म्हणून जोड सरळ उघडले आणि लाकूड फाटायचं वाचलं. उन्हात ठेवू नका, सावलीतच वाळू दे. भोपळा गेला, पण त्याची काळजी नको. तुमच्या माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा एक जुना भोपळा होता, खूप वर्षं वाळलेला, कुणाला न दिलेला. तो आमच्या तंबोऱ्याला लागला. असा भोपळा कारागीर सहजासहजी हातचा सोडत नाही, हे मला पुढे कळलं.

आणि मग जाता जाता तुम्ही आईला म्हणालात, "बाई, जरा सा लावा."

तंबोरा नाही, पेटी नाही, घरात चिखलाचा वास. आईनं त्याआधी कित्येक महिने गायलेलं मी ऐकलं नव्हतं. तिनं डोळे मिटून सा लावला. तुम्ही कानावरची पेन्सिल काढून खिशातल्या पॉलिश पेपरच्या पाठीवर काहीतरी खरडलंत आणि घडी घालून ठेवलंत. मला वाटलं, खर्चाचा अंदाज लिहिला असेल.

तंबोरा परत आला तो दिवाळीच्या सुमारास. नव्या भोपळ्यावर जुनीच तबली, जुनीच दांडी, पॉलिशचा रंग जुळवलेला. तुम्ही तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर दोनदा कानस फिरवलीत, तारेखाली सुताचा दोरा केसभर मागेपुढे केलात आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, उघडली. आईनं गवसणी बाजूला केली, तारा छेडल्या आणि थबकली. तिचा सूर कायम पेटीची काळी चार पट्टी. हा लागला होता पांढरी चारला. चांगला तीन पट्ट्या खाली.

तिनं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खुंटीकडे बघत म्हणालात, "लाकूड पाणी पिऊन बसलंय, बाई. आता जास्त ताण सोसायचं नाही त्याला. तारा जाड घातल्यात, खालीच ठेवा. तेवढं त्याला सांभाळून घ्या."

तंबोऱ्यासाठी म्हणून आई खाली गायला लागली. आणि गायलाच लागली. सकाळी खर्ज, संध्याकाळी दोन मुली शिकायला. आम्ही म्हणालो, तंबोरा परत आल्याचा आनंद.

मजुरी विचारली तर तुम्ही तारांचे पैसे घेतलेत आणि म्हणालात, सिव्हिलच्या दारात एक संध्याकाळ या. आलो. मिरजेला दवाखान्यासाठी कर्नाटकातून किती माणसं येतात ते मी सांगलीत राहूनही कधी नीट पाहिलं नव्हतं. विजापूरकडची, बेळगावकडची, हातात केसपेपर आणि तोंडात फक्त कन्नड. काम आटोपलं की तुम्ही तिथे उभे असायचात. कुठल्या खिडकीला जायचं, रक्त कुठे द्यायचं, गोळी जेवणाआधी की नंतर, हे तुम्ही कन्नडमधून समजावत होता आणि मी चहाची किटली धरून मागे. एका म्हाताऱ्या बाईला तुम्ही तीच गोष्ट चारदा सांगितलीत, आणि चौथ्यांदाही पहिल्यांदा सांगावी तशी. हा धीर मी तुमच्याखेरीज फार कमी माणसांत पाहिली. चांगुलपणा पुष्कळांकडे असतो, चाचा, पण तो बहुतेकांना पावती फाडून हवा असतो.

मागच्या वर्षी तुमचा हात थरथरायला लागला म्हणून जवारीला तंबोरा पुतण्याकडे दिला. कुठल्या सुरात लावू, त्यानं विचारलं. पांढरी चार, मी म्हणालो, लाकडाला याहून ताण चालत नाही. त्यानं तबलीवर टिचकी मारली, दांडीवरून नजर फिरवली. "कोण म्हणतं? खणखणीत आहे. काळी चारला लावा, पाचला लावा." मी म्हणालो, चाचा म्हणाले होते. तो हसायला लागला आणि एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "तसं असेल तर पांढरी चारच राहू दे."

मला तिथे उभ्या उभ्या सगळं कळलं. पाण्यानं लाकडाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडला होता आईचा आवाज, वयामानानं, पुराच्या पुष्कळ आधी. वरचा सा लागेना म्हणून तिनं गाणं मिटून ठेवलं होतं आणि आम्हाला गुडघ्यांचं कारण सांगत होती. सूर खाली घ्या, हे तिला सांगायची प्राज्ञा कुणाची नव्हती, आणि सांगितलं असतं तर तिनं गाणं कायमचं सोडलं असतं. तुम्ही तिचा उघडा सा एकदा ऐकलात, पॉलिश पेपरवर टिपलात, आणि आयुष्यभर लाकडाची अब्रू राखणाऱ्या माणसानं त्या दिवशी स्वतःच्या कामाला कमीपणा घेतला. आपण दुरुस्त केलेलं वाद्य अधू आहे असं कारागिरानं गिऱ्हाइकाला आपल्या तोंडानं सांगायचं. याची किंमत मला तारांच्या बिलात कशी दिसणार होती?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, मिळायलाच हवं होतं. हार-शाली झाल्या. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, कागद बरा आहे, पण पोरं शिकायला बसली पाहिजेत. पुतण्या बसलाय, चाचा. त्याचा कान तुमच्यावर गेलाय, आणि वेळेला गप्प बसणंही.

आईला तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा तिनं तंबोरा काढला आणि बराच वेळ नुसता छेडत बसली, गायली नाही. खरं काय ते तिला अजून माहीत नाही. ती मोबाइलवर काही वाचत नाही, तेव्हा या पत्राची भीती नाही. पण तिच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या हाती हे पडलं तर एवढं करा. गुरुपौर्णिमेला याल तेव्हा हाराबरोबर तोंडालाही थोडं कुलूप आणा, आणि बाईंनी विचारलंच तर सांगा, लाकूड अजून कच्चं आहे, सूर खालीच बरा.