हजाराची गोळी आणि लिंबाची फोड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवा मंडईत पेरू घेताना शेजारच्या काकूंना म्हटलं, "तुम्हीही घ्या ना अर्धा किलो." त्या म्हणाल्या, "कशाला गं? लेकानं 'क' जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या पाठवल्यात, रोज दोन घेते." कोरोनापासून घरोघरी हेच चाललंय. मी ३२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, म्हणून राहवत नाही.

'क' जीवनसत्त्व जितकं पोटात जाईल तितकं रक्तात चढतं, असं नाही. अमेरिकेत ७ निरोगी तरुणांना काही महिने रुग्णालयातच ठेवून रोज ३० ते २५०० मिलिग्रॅमपर्यंत टप्प्याटप्प्यानं मात्रा दिल्या. निष्कर्ष १९९६ साली छापून आले. ३० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान रक्तातलं प्रमाण झपाट्यानं वाढलं, २०० नंतर जेमतेम, आणि हजाराला रक्त पूर्ण भरलेलं! मोठ्या मात्रेतलं बरंचसं शोषलंच जात नाही, आणि शोषलेलं जास्तीचं लघवीवाटे जातं. त्यातून लघवीतलं ऑक्झलेटही (मुतखडा बहुधा ज्यापासून बनतो तो क्षार) वाढतं, म्हणून मुतखडा होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊच नयेत.

आपल्याकडे पुरुषांना रोज ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम पुरेसं धरतात. शंभर ग्रॅम पेरूत साधारण दोनशे असतं.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या टोकाच्या लोकांची. आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा मेसचा डबा मी पाहिला: चार पोळ्या, बटाट्याचा रस्सा, भात, आमटी. कोशिंबीर नाही, लिंबू नाही. सकाळी चहा-खारी, संध्याकाळी वडापाव. फळ शेवटचं कधी खाल्लं, ते त्याला आठवेना. अशा मुलाच्या रक्तात एका पेरूनं जेवढा फरक पडेल, तेवढा काकूंच्या दोन गोळ्यांनी त्यांच्या रक्तात पडणार नाही.

लॅबमध्ये 'क' जीवनसत्त्वाच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना क्वचितच यायचा. आला की तो लगेच बर्फात, उजेडापासून झाकून ठेवावा लागे, इतकं हे जीवनसत्त्व नाजूक. तासभर उकळलेल्या रश्श्यात ते कितीसं उरणार?

मेसवाल्यांना कळकळीची विनंती आहे: डब्यात कच्च्या कोबीची कोशिंबीर आणि वरून पिळायला लिंबाची फोड द्या. पंचवीस डब्यांना सहा-सात लिंबं लागतील.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, नारायण पेठ, पुणे