डिस्चार्ज दिल्यावर पेशंटला फोन कोण करणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालच्या करिअर पुरवणीतला क्लिनिकल सायकॉलॉजीतल्या (म्हणजे मानसिक आजारांवर बोलून उपचार करण्याच्या शास्त्रातल्या) पोस्टडॉकवरचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या ट्रेनिंगवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. अर्ध पान दिलंत, पण त्यात व्हिसा, स्टायपेंड, अर्ज कधी भरायचा एवढंच. आत्महत्या रोखण्याचं ट्रेनिंग म्हणजे त्या पोरांना नेमकं काय शिकवतात, ते ज्या पेशंटसाठी आहे त्याचं काय होतं, यावर एक ओळ नाही. आमच्या घरात हे घडून गेलंय, त्यामुळं मला ते फार लागलं.

माझ्या बहिणीचा मुलगा आत्महत्येचा प्रयत्न केल्यावर बेळगावात एका दवाखान्यात मानसोपचार वॉर्डात ॲडमिट होता. नाव लिहीत नाही, कुणाला बदनाम करायचं नाही. डॉक्टर चांगले होते, गोळ्या बरोबर दिल्या, तो जेवायला लागला, झोपायला लागला. मग एक दिवस सांगितलं की पेशंट स्टेबल आहे, घेऊन जावा, पंधरा दिवसांनी ओपीडीला दाखवा. बिलाच्या काउंटरवर आम्ही तासभर उभे होतो, पण त्याच्याजवळ पाच मिनिटं बसून घरी गेल्यावर काय करशील, परत तसं वाटलं तर कुणाला सांगशील, हे विचारणारं एक माणूस नव्हतं. शेतातली औषधं कुठं ठेवता हे बहिणीलाही कुणी विचारलं नाही. पुढची ओपीडीची तारीख यायच्या आत त्यानं परत प्रयत्न केला. शेजाऱ्यांनी दार तोडलं म्हणून वाचला.

नंतर मला कळलं की सायकियाट्रीच्या वॉर्डातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने, हाच सगळ्यात जास्त धोक्याचा काळ असतो. जगभरात हे अभ्यासून झालंय, डॉक्टर मंडळींना ते माहीत असतं. मग आम्हाला का सांगितलं नाही?

पुढं त्याला धारवाडला दाखवलं. तिथं एक ट्रेनी मुलगी होती, हुबळीकडची, मराठी मोडकंतोडकं बोलायची. तिनं त्याला सगळ्यांसमोरून बाजूला नेलं आणि सरळ विचारलं, "दादा, मरावं असं वाटतंय काय आत्ता?" बहीण दारातच होती, ती चिडली, असं कसं विचारता मॅडम, नसलेलं डोक्यात घालता काय. मॅडमनी तिला शांतपणे समजावलं की विचारल्यानं तो विचार येत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. आणि खरंच पोरगा बोलला, आमच्याशी कधी बोलला नव्हता एवढं बोलला.

मग त्याच्याच हातानं एक कागद लिहून घेतला. 'रात्री झोप नाही, मोबाईल उलटा ठेवतो, कुणाचा फोन घेत नाही' ही पहिली ओळ, म्हणजे धोका सुरू झाला हे ओळखायची खूण. त्याखाली अशा वेळी स्वतः काय करायचं, कुठं जाऊन बसायचं (त्यानं मारुतीच्या देवळाचा कट्टा लिहिला), कुणाला फोन करायचा, दवाखान्याचा नंबर, आणि शेवटी औषधांच्या कपाटाची किल्ली काकाकडं. ह्याला सेफ्टी प्लॅन म्हणतात. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी ही पद्धत बसवली. तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतला २०१८ चा अभ्यास आहे, असा प्लॅन करून नंतर फोनवर चौकशी ठेवली त्या पेशंटमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येचे प्रयत्न वगैरे ४५ टक्क्यांनी कमी दिसले. आणि हे फक्त अमेरिकेत चालतं असं कुणी म्हणू नये, जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत असाच प्रयोग केला त्यात आपलं चेन्नई होतं. तिथं आधी तासभर बसून समजावलं आणि पुढं १८ महिन्यांत ९ वेळा फोन नाहीतर भेट, बस एवढंच, आणि मृत्यू कमी झाले.

ती मुलगी आठवड्याला फोन करायची. "दादा, जेवलात काय, कागद खिशात हाय ना?" भाचा त्या फोनची वाट बघायचा. तिचं ट्रेनिंग संपलं, ती बेंगळूरला गेली आणि फोन बंद झाले, कारण तिच्या जागी कुणी आलंच नाही.

म्हणून म्हणते साहेब, पीएचडीनंतर वर्ष-दोन वर्षं सीनियरच्या हाताखाली खऱ्या पेशंटबरोबर बसून हेच शिकतात, कसं विचारायचं, धोका कसा ओळखायचा, घरच्यांना काय सांगायचं, डिस्चार्जनंतर माणूस कसा धरून ठेवायचा. हे आपल्याकडच्या वॉर्डात शिकवलं पाहिजे आणि शिकलेल्याला इथं नोकरी मिळाली पाहिजे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद आहेच की. २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, त्यात आपल्या कर्नाटकातले १३,६०६. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पोरांनी परदेशी जाऊन शिकावं, जरूर शिकावं, पण परत आल्यावर त्यांना बसायला खुर्ची कुठल्या दवाखान्यात आहे तेही छापा.

आणखी एक, आता लिहितेच आहे तर. त्याच अंकात आतल्या पानावर एका कॉलेजच्या पोरीच्या आत्महत्येची बातमी होती, फोटोसकट, कसं केलं ते सविस्तर. प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्येच सांगितलंय की पद्धत देऊ नका, भडक हेडिंग नको, फोटो नको. माझ्या भाच्यासारखी पोरं तुमचा पेपर वाचतात हो. त्याऐवजी अशा प्रत्येक बातमीखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

आणि तुमच्या एका बातमीदाराला बेळगावातल्या सगळ्या मानसोपचार वॉर्डांत पाठवून एवढंच विचारायला सांगा, डिस्चार्ज दिलेल्या पेशंटला पहिल्या आठवड्यात फोन कोण करतं. जे उत्तर मिळेल ते पहिल्या पानावर छापा.

आपली,
एक वाचक, ता. खानापूर