बाथरूमचा दिवा आधी बदला

न्यूयॉर्क, 5 ऑक्टोबर 2025

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, मनगट कसं आहे? फोनवर तुम्ही 'बरंय' म्हणता आणि आई मागून काहीतरी पुटपुटते, त्यावरून काय ते मी ओळखते. म्हणून हे पत्र. पूर्ण वाचून होईपर्यंत चिडू नका.

तुमची देखभाल करायला माणसं पाठवणारी एजन्सी मी बंद केली. पंधरा तारखेपासून त्यांचं कुणी येणार नाही. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण 'आमच्यापायी कशाला धावपळ' हेच ऐकावं लागलं असतं.

बाबा, 2023 चा जून आठवतो? न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल संघाच्या मैदानाकडे जाणाऱ्या सात नंबरच्या गाडीच्या खिडकीला तुम्ही नाक लावून बसलेलात, मांडीवर आईचा चिवड्याचा डबा. त्या महिन्यात मेट्स 7 सामने जिंकले आणि 19 हरले. शेर्झर आणि व्हर्लँडर हे त्यांचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, दोघांना वर्षाला प्रत्येकी 4 कोटी 33 लाख डॉलर! तुम्ही विचारलंत, "अगं, एवढे पैसे घेऊन हे हरतात कसे?" मी दुखापती, नशीब असं काहीबाही सांगितलं. पुढे दोघांनाही दुसऱ्या संघांकडे पाठवलं, आणि शेर्झर गेला त्या टेक्सासने त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली.

गेल्या रविवारी तुमचा प्रश्न पुन्हा आठवला. मेट्सचा शेवटचा सामना मायामीत होता. तिकडे त्याच जागेसाठी झगडणारी सिनसिनाटी हरली, म्हणजे आपण नुसतं जिंकलो असतो तरी प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, होतो. 4-0 ने हरलो. जूनच्या मध्याला हाच संघ 45 विजय, 24 पराभवांवर होता, सगळ्यांच्या पुढे. त्यानंतर 38 जिंकले, 55 हरले. सोटो या खेळाडूला 15 वर्षांचे 76 कोटी 50 लाख डॉलर दिलेत, आणि तो कमी पडला असंही नाही. क्रिकेटच्या षटकारासारखे 43 होमरन मारले, 38 वेळा चोरून पुढच्या बेसवर पळाला. लिंडोर, अलॉन्सो यांचेही आकडे उत्तम. पण एकामागून एक पिचर जायबंदी होत गेले आणि ती भोकं कुणाला बुजवता आली नाहीत. मिलवॉकीच्या संघाचा पगाराचा खर्च मेट्सच्या निम्म्याहून कमी, तरी 97 सामने जिंकले.

सामना संपल्यावर टीव्ही बंद केला आणि मला आपल्या बाथरूमचा दिवा दिसायला लागला. आठ दिवस गेलेला होता ना तो? नर्सच्या वहीत बीपी तीन-तीनदा लिहिलेलं, सुवाच्य अक्षरात. फिजिओ मंगळवार-शुक्रवार न चुकता येत होते. रात्रीचा माणूस हॉलमध्ये झोपत होता, सांगितलं होतं तिथेच. दिवा बदलणं मात्र कुणाच्याच कामात नव्हतं. तुम्ही पडलात तेव्हा धावत आल्या त्या शेजारच्या मावशी. मी सगळ्यात महागडी माणसं ठेवली आणि निश्चिंत झाले, बाबा. ते मला सलतंय.

लहानपणी लाइट गेले की तुम्ही कंदील घेऊन मला परसातल्या संडासापर्यंत न्यायचात. बाहेर उभं राहून पाढे म्हणायचात, म्हणजे तुम्ही आहात हे मला कळावं. सत्तावीसच्या पाढ्यापर्यंत गेलेलात एकदा.

तर आता असं ठरलंय. मी 14 तारखेला मुंबईत उतरते आणि संक्रांतीपर्यंत राहते. नोकरीची काळजी नको, ऑफिसने घरून काम करायला लेखी परवानगी दिली आहे. मी रात्री काम करीन, म्हणजे घरात कुणीतरी जागं असेल. मी परतल्यावर रात्री मावशी राहतील. पगार, रजा, सगळं नीट बोलून ठरवलंय. फिजिओ तेच राहतील. नर्सही वाईट नव्हत्या, त्यांना रागाने काही बोलू नका.

आई, तुझी खोली, तुझा देवघराचा कोपरा, काही हलणार नाही. माझ्यासाठी चकल्या करत तासन्‌तास उभी राहू नकोस, मी आल्यावर मिळून करू. बाथरूममध्ये चप्पल रबरीच घालायची, दोघांनीही. आणि दिवा आजच बदला. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही! कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला मी फोन केलाय, तो संध्याकाळी येईल.

महिनाअखेरीस वर्ल्ड सिरीज आहे. मेट्स नाहीत, तरी बघू. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होईल. चहा मी करीन.

तुमची,
छकुली