भुंगेऱ्याच्या पाठीवरचं ओझं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाठीवर इलेक्ट्रॉनिक सर्किट लावलेल्या कीटकाची बातमी आली की ‘रिमोटवर उडणारा भुंगा’ हा मथळा ठरलेला. आधी नावाचंच बघू. आपण भुंगा म्हणतो तो लाकूड पोखरणारा, मधमाशीच्या गोतातला. या प्रयोगांत असतो आफ्रिकेतला भुंगेरा. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमणाऱ्या हुमणीच्या भुंगेऱ्यांच्याच कुळातला, पण ६ सेंटिमीटर लांब आणि ८ ग्रॅम वजनाचा.

२००९ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत, संशोधक हिरोताका सातो आणि मिशेल माहारबिझ यांनी असा भुंगेरा रेडिओ संकेतांनी उडवला आणि वळवला. खरी मोलाची गोष्ट मात्र २०१५ ची. पंखाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. तो पंख मिटण्यापुरताच, असा समज होता. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठात, बर्कलीच्या साथीने, मोकळ्या उडणाऱ्या भुंगेऱ्यांत डावीकडच्या त्या स्नायूला विजेचे झटके दिले तेव्हा भुंगेरा डावीकडे वळला. झटके वाढवले तसं वळणही वाढलं. दांडीला चिकटवलेल्या कीटकात हे वळण दिसलं नसतं, कारण त्याचं अंग वळतच नाही. यालाच ‘रिमोट’ म्हणणं चूक आहे. यंत्र फक्त टोचणी देतं, तोल भुंगेराच सांभाळतो.

सगळं अडतं वजनावर. रेडिओ, नियंत्रक चिप आणि ३.९ व्होल्टची बॅटरी मिळून ओझं १ ते १.५ ग्रॅमच्या आत बसवावं लागतं, तेही छातीच्या कवचावर बरोबर मध्यरेषेवर. किंचित बाजूला सरकलं की भुंगेरा आपोआप एका अंगाला वळतो आणि ते वळण झटक्याच्या खात्यावर जमा होतं. स्नायूपर्यंत वीज नेणारी तार चांदीची, बारीक, वरून आवरण असलेली. तिचं टोक तेवढं सोलायचं. तार आत घालायला कवचाला पाडलेलं भोक मेणाने बंद करताना मेण पुढच्या कडक पंखाच्या बिजागरीत गेलं, तर पंख उघडतच नाही. तार ताणून बसवली तर पहिल्याच फडफडीत निसटते, म्हणून थोडी ढील ठेवायची. व्होल्टेज वाढवलं की वीज शेजारच्या स्नायूत झिरपते आणि भलत्याच स्नायूला श्रेय मिळतं. सतत झटके दिले तर स्नायू थकतो. म्हणूनच प्रयोगानंतर विच्छेदन करून टोक नेमकं कुठे होतं ते पाहावं लागतं, आणि तारा तशाच ठेवून, वीज न देता केलेली उड्डाणंही मोजावी लागतात.

आमची कळकळीची विनंती एवढीच: अशी बातमी छापताना कीटकाचं वजन, पाठीवरचं ओझं आणि किती झटक्यांपैकी किती वेळा तो ठरल्या दिशेला वळला, हे तीन आकडे जरूर द्यावेत.

आपले,
कीटक-उड्डाणाचे अभ्यासक, पुणे